आत न गेलेलं प्रथिन

१० मार्च

बाबा,

तीर्थरूप वगैरे लिहायला हात धजत नाही, तेव्हा नुसतं बाबा. फोन तुम्ही उचलत नाही, ई-मेल उघडत नाही. कागद निदान फाडायला तरी हातात घ्यावा लागतो, म्हणून कागदावर लिहितेय.

काल विद्यापीठाकडून माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधावरचा अहवाल आला. परीक्षकाचं नाव आम्हाला सांगत नाहीत. सांगायची गरजही नव्हती. दुसऱ्याच ओळीत ‘विद्यार्थिनीचा हात कच्चा आहे’ असं वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पिपेट धरायला शिकवताना हेच म्हणायचात. सुईत दोरा ओवताना हेच, सायकलचं पंक्चर काढताना हेच. आई भिंतीला खिळा ठोकत होती तेव्हासुद्धा खाली उभं राहून हेच म्हणालात, आणि खिळा अजून तिथं आहे म्हणे. जगात हे वाक्य लिहिणारा दुसरा माणूस नाही.

प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव आहे. माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे विद्यापीठाला पत्ता नसेल, पण तुम्हाला होता ना? लेकीच्या विद्यार्थिनीचं काम आहे, मी तपासणार नाही, असं एका ओळीत कळवून मोकळं होता आलं असतं. जनाची नाही तर मनाची तरी. पण तुम्हाला ते पान दिसलं असणार, तुमच्या शोधाला धक्का लावणारं, आणि मग राहवलं नसणार.

जिचा हात कच्चा म्हणता तिला आमच्याकडे सगळे मुंगी म्हणतात. दिसायला एवढीशी आणि सदानकदा काहीतरी वाहून नेत असते. पहिल्या वर्षी एक काचेचं भांडं फोडलं, तेवढंच. त्यानंतर चार वर्षांत तिच्या हातून थेंब सांडलेला मी पाहिला नाही. आणि ती काय म्हणतेय ते तरी धड वाचलंत का?

तुमचा शोध मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. जेवताना तुम्हीच सांगायचात, तुमच्याच शब्दांत परत देते. पेशीला लागणारी ऊर्जा मायटोकाँड्रियात तयार होते. पण तिथं लागणारी जवळजवळ सगळी प्रथिनं बाहेर बनतात आणि आत न्यावी लागतात. बहुतेकांच्या पुढच्या टोकाला एक तुकडा असतो, तो पाहून दार उघडतं. मग प्रथिनानं आपली घडी मोडायची, दोऱ्यासारखं सरळ व्हायचं आणि दोन पडदे ओलांडायचे. आतल्या पडद्यावर विजेचा भार असतो, तो त्या टोकाला आत ओढून घेतो. भार घालवला की सगळं दाराशी अडकतं. तुमचं प्रथिन तेवढं अडकत नाही, भार नसतानाही आत जातं, असं तुम्ही जगाला सांगितलंत आणि जगानं ते पुस्तकांत छापलं.

मुंगी म्हणते, नाही जात. भार घालवला की तुमचं प्रथिनही इतर चारचौघांसारखं बाहेर राहतं. तिनं हे वेगवेगळ्या तऱ्हांनी, पुन्हा पुन्हा करून दाखवलंय. त्यावर तुमचं उत्तर काय, तर हात कच्चा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय. एप्रिलअखेर पदवी हातात नसेल तर ती जागा दुसऱ्याची. तिच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. तुमचं-माझं नातं सांगून मी तुमचा अहवाल रद्द करवू शकते, पण मग नवा परीक्षक नेमणार, त्याला महिने लागणार, आणि तोही तुमच्या शोधाचा छापील निबंध उघडून तेच लिहिणार. तेव्हा अहवाल तुम्हीच मागे घ्यायचाय.

कळावे वगैरे काही नाही. लोभ असो नसो, उत्तर असावं.

तुमची मुलगी


२२ मार्च

बाबा,

तुमचं पाकीट मिळालं. आई तुमच्याकडून निघून माझ्याकडे राहायला आली त्यानंतरचं हे तुमचं पहिलं पत्र, आणि त्यात दोन ओळी. ‘रागाला उत्तर देत नाही. माझ्या पद्धतीने प्रयोग कर, मग बोल.’ सोबत तुमच्या पद्धतीचं एक पान, बारीक अक्षरात, काना-मात्रा जागच्या जागी. बरं. केला प्रयोग.

मुंगीनं आणि मी मिळून केला, तुमच्या पानावरची ओळ न ओळ पाळून. यीस्टच्या पेशी फोडल्या, मायटोकाँड्रिया वेगळे केले, भार घालवला, प्रथिन घातलं. मग कात्री. हो, आम्हीही त्या एन्झाइमला कात्रीच म्हणतो, तुमच्याकडूनच आलेला शब्द. बाहेर राहिलेलं सगळं कात्री कापून टाकते, आत गेलेलं वाचतं आणि फिल्मवर काळी पट्टी होऊन उमटतं. फिल्म धुतली तर तुमची काळी पट्टी समोर ठसठशीत. प्रथिन वाचलं होतं. म्हणजे तुमचं खरं.

मुंगीनं हातमोजे काढले, स्टुलावर बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली की परीक्षकांचं बरोबर असेल, घरी काय सांगू? माझा इतका संताप झाला की मी तिलाच ओरडले, आणि मग बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले. तुम्ही जिंकलात असं वाटलं मला तेव्हा, हे लिहिताना अजून मुठी वळतात.

घरी आल्यावर मी आईपुढे सगळं ओकले. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता मध्येच तिनं विचारलं की शेवटचं धुतलंत ना? मी म्हटलं, बाबांच्या पद्धतीत ते नाही. तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि तुमचं पान मागून घेतलं. वाचून झालं आणि हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

इथंच घोडं पेंड खात होतं, बाबा. पेशी फोडल्या की त्यांच्या आतलीच एन्झाइमं बाहेर पडतात आणि मायटोकाँड्रिया कुरतडतात. ते होऊ नये म्हणून आपण इनहिबिटर घालतो, सगळ्या कात्र्या बोथट करणारं औषध. ते औषध कात्री लावण्याआधी धुऊन काढावं लागतं. नाही काढलं तर आपण घातलेली कात्रीही बोथट होते, ती काही कापत नाही, आणि बाहेर बसलेलं प्रथिनही आत असल्यासारखं दिसतं. तुमच्या प्रयोगशाळेत काम करायची तेव्हा आई दोनदा धुवायची, दुसऱ्यांदा साध्या द्रावणात. तुम्ही म्हणायचात, दर धुण्याला माल जातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमच्याच पद्धतीनं पुन्हा केलं, पण तुमच्या प्रथिनाजागी दुसरं घेतलं. भार नसेल तर हे आत जात नाही हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. तुमच्या पद्धतीत तेही ‘आत’ गेलं. मग मायटोकाँड्रिया नीट धुतले, तर दोन्ही पट्ट्या गायब. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते मुंगीबद्दल नव्हतं तर.

आता तुम्ही म्हणाल, निबंधात बाकीचे ताळे, म्हणजे पडताळणीचे प्रयोग, बरोबर होते. होते की. तुमच्या निबंधातले ते सगळे ताळे आईनं केलेले, तिच्या टेबलावर, तिच्या धुतलेल्या मायटोकाँड्रियावर. मुख्य प्रयोग तेवढा तुम्ही तुमच्या हातानं केलात, कारण त्या आठवड्यात मला गोवर आला होता आणि आई घरी माझ्या उशाशी बसून होती. तुम्हाला थांबवेना. तुम्ही स्वतः मायटोकाँड्रिया तयार केलेत, घाईत, माल वाचवत, आणि तिचे ताळे शेजारी लावून छापून टाकलंत. ती परत आली तेव्हा शोध लागलेला होता.

मी आईशीही भांडले. इतकी वर्षं मूग गिळून का बसलीस म्हणून. ती म्हणाली की तुम्ही धुतलं नाही हे तिला आज कळतंय, आणि तेव्हा विचारायला गेली असती तर तुम्ही काय म्हणाला असतात ते तिला ठाऊक होतं. ते मलाही ठाऊक आहे.

फिल्म सोबत पाठवतेय. अहवाल मागे घ्या आणि निबंधही. दिवस थोडे आहेत.

तुमची मुलगी


३ एप्रिल

बाबा,

असे न सांगता येऊन न सांगता निघून जाल तर मला कागदाशीच बोलावं लागणार.

दारात तुम्हाला बघून मुंगीच्या हातातला बर्फाचा डबा पडता पडता राहिला. परीक्षक म्हणजे कोण हे तिला मी सांगितलं नव्हतं, पण तुमचा फोटो तिनं पुस्तकात पाहिलेला. तुम्ही कुणाकडे बघितलं नाही. कोट काढून खुर्चीवर टाकलात आणि मायटोकाँड्रिया कुठे आहेत म्हणून विचारलंत. माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या माणसांसमोर, माझ्याशी एक शब्द न बोलता.

प्रयोग तुम्ही एकट्यानंच केलात. मी मदत करू का म्हटलं तर मान हलवलीत. पिपेटचं टोक दोनदा नळीच्या कडेला लागलं, मी पाहिलं नाही असं दाखवलं. मुंगीनं मात्र पाहिलं, आणि न विचारता रॅक तुमच्या जवळ सरकवला आणि नळ्यांची झाकणं उघडून दिली. तुम्ही तिला ते करू दिलंत. मला कधी करू दिलं नव्हतंत.

संध्याकाळी फिल्म उजेडाला धरून किती वेळ उभे होतात. न धुतलेल्या भागात पट्टी, धुतलेल्यात कोरं. मला वाटलं होतं की हा क्षण आला की मला बरं वाटेल, मुंगीबरोबर मी गेली चार वर्षं याची वाट पाहत होते, खरं तर त्याहूनही जास्त. नाही वाटलं. तुम्ही एकदम म्हातारे दिसलात आणि त्याचाही मला रागच आला. मग तुम्ही मुंगीकडे वळलात.

“तुझा हात चांगला आहे,” म्हणालात. “अहवाल बदलतो. निबंधही मागे घेतो.”

बिचारी रडायलाच लागली. तुम्ही कोट चढवून निघालात.

आता ऐका. तुम्ही आलाय हे मी आईला दुपारीच फोनवर सांगितलं होतं. घरी गेले तर कपडे बदलून, केस नीट विंचरून बैठकीत बसली होती. टेबलावर तीन कप काढून ठेवलेले. मी एकटीच आलेली बघितली आणि तिनं त्यातला एक कप उचलून परत कपाटात ठेवला. माझं घर प्रयोगशाळेपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तुम्हाला पत्ता माहीत आहे, पाकिटावर तुम्हीच लिहिलात.

मुंगीसाठी जे केलंत त्याबद्दल आभार मानते. बाकी सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, हे खरं. घडी मोडल्याशिवाय आत जाता येत नाही हे आयुष्यभर पोरांना शिकवलंत आणि स्वतः आमच्या दारापर्यंतसुद्धा न येता परत गेलात.

तुमची मुलगी


२७ एप्रिल

बाबा,

काल मुंगीची तोंडी परीक्षा झाली. पास झाली, सोमवारपासून रुग्णालयात रुजू होतेय. म्हणून आज लिहितेय. इतके दिवस आईनं माझा हात धरून ठेवला होता.

तुमचा नवा अहवाल आला तेव्हा त्याला निबंध मागे घेतल्याचा खुलासा जोडलेला होता. मी तो उभ्याउभ्या वाचला. ‘मायटोकाँड्रिया तयार करण्याचे काम तेव्हाच्या सहकारी’ आणि पुढे आईचं नाव, आडनावासकट, ‘यांच्याकडे होते. त्यांच्याकडून शेवटचे धुणे राहून गेल्याने निष्कर्ष चुकला.’

मी परत वाचलं. वाटलं, मीच काहीतरी चुकीचं वाचतेय.

बाबा, तुमच्या हातची पद्धत माझ्याकडे आहे, तुम्हीच पाठवलेली. त्यात ते धुणं नाही. माझ्या टेबलाशी उभं राहून तुम्ही तीच पद्धत केलीत, आम्ही सगळ्यांनी पाहिली. आणि तरी घरी जाऊन, शांतपणे बसून, तुम्ही खापर आईच्या डोक्यावर फोडलंत. जी दोनदा धुवायची तिच्या. माझ्याशी खोटं बोलला असतात, जगाशी बोलला असतात, मी म्हटलं असतं म्हातारपणी माणूस घाबरतो. पण तीन कप काढून बसलेल्या बाईवर तुम्ही हे ढकललंत, याला माझ्याकडे शिवीसुद्धा नाही.

मी त्याच दिवशी, तुमचा निबंध छापलेल्या नियतकालिकाच्या संपादकांना लिहायला बसले होते. आईनं लॅपटॉप मिटला. अहवाल त्या खुलाशावर उभा आहे, खुलाशाचं भांडण काढलंस तर सगळं अडकेल, आधी पोरीचं होऊ दे, म्हणाली. मी म्हटलं, आणि तुझं? त्यावर ती उठून कपडे वाळत घालायला गेली. तेव्हापासून रोज तोच वाद. मी जेवताना काढायचे, ती विषय बदलायची. तुमचं नाव आमच्या घरात इतक्यांदा कधी निघालं नव्हतं.

काल परीक्षा झाली, पेढे-बिढे काही नको, नुसती मिठी मारते म्हणून मुंगी घरी येऊन गेली. ती गेल्यावर मी म्हटलं, आता बास. आता मी लिहिणार. आणि तुला निर्दोष ठरवणं सोपं आहे. तो प्रयोग झाला त्या आठवड्यात तू प्रयोगशाळेत पाऊलच टाकलं नव्हतंस. मला गोवर होता, तू घरी होतीस, तपासायला आलेले डॉक्टर अजून हयात आहेत, शेजारच्या काकू आहेत. तू तिथं नव्हतीस एवढं सांगितलं की तुझ्यावरचं बालंट गेलं.

त्यावर आईनं तुमचा मूळ निबंध मागितला. इतकी वर्षं माझ्या कपाटात आहे, मी तो असंख्य वेळा वाचलाय, पण या दृष्टीनं कधी पाहिला नव्हता. वरती तुमचं नाव एकट्याचं. खाली आभार. काच धुणाऱ्या माणसाचे, फोटो काढणाऱ्याचे, संचालकांचे. आई कुठेच नाही. सगळे ताळे जिनं केले, तिला तुम्ही काच धुणाऱ्याच्या शेजारीसुद्धा बसवलं नव्हतंत. तिचं नाव त्या शोधाच्या संदर्भात पहिल्यांदा छापून येतंय ते तुमच्या खुलाशात, गुन्हेगार म्हणून.

आईनं तो कागद माझ्यापुढे सरकवला.

“मी तिथं नव्हते, असं सांगून सुटू?” म्हणाली. “इतकी वर्षं तुझे बाबा हेच तर सांगत आलेत.”

मी खालची आभारांची यादी पुन्हा वाचली.

“चूक माझी म्हणतायत ना, असू दे माझी,” ती म्हणाली. “पण मग मी तिथं होते. निबंधावर माझं नाव घालायला सांग. आधी नाव घाला म्हणावं, मग मागे घ्या.”

मी खूप भांडले, बाबा. म्हटलं, रद्द झालेल्या, चुकीच्या ठरलेल्या निबंधावर नाव घालून काय मिळवणार आहेस, लोक हसतील. न केलेली चूक अंगावर का घेतेस? ती म्हणाली की काम तिनं केलेलं आहे आणि चुकलेल्या कामावरसुद्धा करणाऱ्याचं नाव असतं. मला हे पटलेलं नाही. माझं चाललं असतं तर मी तुमच्या हातचं ते पान आजच संपादकांकडे धाडलं असतं आणि तुम्हाला चव्हाट्यावर आणलं असतं. अजूनही पान माझ्याजवळच आहे. पण नाव तिचं आहे, तेव्हा शब्दही तिचाच चालेल.

संपादकांना तुम्ही लिहायचंय, मी नाही. लेखकांमध्ये दोन नावं. तुमचं आणि तिचं. तिचं कसं लिहायचं ते विचारायला फोन करू नका. खुलाशात तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय, तिथूनच उतरवून घ्या.